शेळपट म्हणशील म्हणून

आमच्या घरात शिव्यांना सक्त बंदी होती, पण ‘शेळपट’ला नव्हती. ती शिवी नाहीच, असं आबांचं म्हणणं. आबा म्हणजे माझे वडील. वरंधच्या वर, भोरकडे चढणाऱ्या घाटरस्त्यापासून तासभर पायी गेलं की आमची वाडी. पस्तीस-चाळीस शेळ्या, थोडी नाचणी, थोडी वरी. सगळं घर शेळ्यांवर चालायचं. मी शिकून मास्तरीण झाले ती शेळ्यांच्याच जिवावर. आणि कुणाला खाली पाडून बोलायचं झालं की आबा त्याच शेळीचं नाव घ्यायचे. यात काही वावगं आहे असं मला इतकी वर्षं वाटलं नाही.

हा शब्द एकट्यात म्हणून चालत नाही. त्याला चार माणसं लागतात. आबा तो म्हणायचे तेव्हा आधी आजूबाजूला बघायचे, खालचा ओठ जरासा पुढे यायचा, आणि मग शेवटचा ‘ट’ असा आपटायचे की समोरचा जागच्या जागी बारीक व्हायचा. बरं, त्याला उत्तरही देता येत नाही. वाद घातला तर आवाज थरथरतो, आणि रडलं तर झालंच मग. मूर्ख म्हटलं तर माणूस शहाणपण दाखवू शकतो. शेळपट म्हटल्यावर गप्प बसून दात आवळण्यापलीकडे करण्यासारखं काही उरत नाही.

मी दहा वर्षांची असताना एक शेळी मागे राहिली म्हणून आबांनी मला घळीकडे पाठवलं. दिवस कलायला आला होता. करवंदीच्या जाळीत काहीतरी खसपसलं आणि एक वास आला, उग्र. मी जी पळत सुटले ती अंगणात. अंगणात आबांबरोबर वाडीतले तिघे-चौघे बसले होते. “वाघ हाय तिथं,” मी म्हटलं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. आबा हसले. “ह्ये शेळपट माझ्या पोटी कुठनं आलं रे?” सगळे हसले. मी तशीच मागे फिरले. दात आवळून, मनातल्या मनात ‘नाय, नाय’ म्हणत घळीत गेले, आणि शेळीच्या कानाला धरून तिला घेऊन आले. आबांनी काही शाबासकी दिली नाही, फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. त्या एका मान हलवण्यावर मी पुढची तीस वर्षं काढली म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी घळीत पावलं दिसली. ताजी, माझ्या तळहाताएवढी. आबांनी ती पायानं पुसली आणि विषय संपला.

ही गोष्ट मी माझ्या लेकीला किती वेळा सांगितली असेल, सांगता येत नाही. ती विचारायची, “मग तू रडलीस?” मी म्हणायची, “छे! रडतेय कशाला?” ती विचारायची, “भ्यालीस पण नाय?” मी म्हणायची, “आपल्यात भीत नाहीत.” पावलांचं मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. सांगितलं असतं तर गोष्टीतली मजा गेली असती, असं वाटायचं असेल.

लग्न होऊन मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत आले. नवरा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मी खालच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत. तो शब्दही माझ्याबरोबर आला, आणि मी तो वर्गातही वापरायची. खोटं कशाला बोलू? इंजेक्शन द्यायला आरोग्यवाले आले आणि पोरं बाकाखाली लपली की म्हणायची, “अरे शेळपटांनो!” एकदा फळ्यावर अर्थ लिहून दिला, ‘शेळपट म्हणजे भित्रा, दुबळा’, आणि वाक्यात उपयोग करायला सांगितला. एका मुलीनं लिहिलं, ‘बाई आम्हाला शेळपट म्हणतात.’ मी ती वही शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवली आणि खो-खो हसले.

आता गेल्या मे महिन्याचं सांगते. पाऊस यायच्या आत लाकडं पडवीत रचून घ्यायची आमच्याकडे घाई असते. चार घरच्या बायका मिळून एकेका घरची लाकडं उचलतात. त्या दिवशी आमची पाळी होती. माझी लेक नऊ वर्षांची, तीही हात लावत होती. एक ओंडका उचलल्यावर खालून पाल निघाली आणि तिच्या पायावरून गेली. पोर अशी किंचाळली की पलीकडच्या घरची म्हातारी बाहेर आली. सगळ्या बायका हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आजूबाजूला बघितलं, माझा ओठ पुढे आला असणार, आणि मी म्हटलं, “शेळपट कुठली! पालीला भितेस? माझी लेक म्हणून सांगू नकोस कुणाला.”

ती परत लाकडं उचलायला लागली. मला वाटलं, बरं झालं, कामी आलं.

दुसऱ्या दिवशी उरलेली लाकडं आम्ही दोघीच आणत होतो. सासूबाई चुलीपाशी होत्या. साधारण दहा वाजता ती रिकाम्या हातांनी आली आणि उंबऱ्यावर बसली. डाव्या हाताची मूठ फ्रॉकच्या घोळात धरलेली. मी विचारलं, “काय गो, दमलीस?” ती म्हणाली, “नाय.” मी म्हटलं, “मग बसलीस का?” ती म्हणाली, “जरा.” तिनं पाणी मागितलं, मी दिलं. आणि वर तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, “शाब्बास! आज एकदाही ओरडली नाहीस.”

हे वाक्य मी म्हटलं. याच तोंडानं.

अकराच्या सुमारास तिला उलटी झाली. मला वाटलं ऊन लागलं. कांदा फोडून नाकाला लावला, कोकमाच्या आगळाचं सरबत दिलं, तेही पडलं. घाम तर असा की फ्रॉक पिळून काढावा. सासूबाईंनी आधी मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली. मग तिच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“गार हाय गो हिचा घाम,” त्या म्हणाल्या. “उनाचा घाम असा गार नसतो. हात बघ, बर्फ हायत. इचूबिचू लागला काय गो पोरी तुला?”

पोरीनं माझ्याकडे बघितलं. “नाय,” म्हणाली.

आणि मी, शहाणी, दोन वर्गांची बाई, मी म्हटलं, “विंचू चावला असता तर गाव गोळा केला असता हिनं. पालीला किंचाळते ती.”

सुनेच्या तोंडाला लागायची सासूबाईंना सवय नाही. पण त्या तिचा हात चोळत राहिल्या, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, “लाळ गळत्ये हिची.” तेव्हा मी बघितलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि तिला पुसायचं भान नव्हतं. हाताच्या कातडीवर काटा उभा, मे महिन्याच्या उन्हात. पोर जाते की काय, हे पहिल्यांदा तेव्हा मनात आलं.

नवऱ्याला फोन लावला. तो पहिल्या पाळीला गेलेला, आणि कारखान्यात शिरताना फोन फाटकावर जमा करावा लागतो. वाजत राहिला. वाडीतली मिनीडोर रिक्षा लग्नाचं वऱ्हाड घेऊन खाली गेलेली. शेवटी चुलत दिराला हाक मारली. त्याची मोटारसायकल होती. तो पुढे, मधे पोर, मागे मी. दोघांच्या मधे तिला दाबून धरलं, माझ्या पदरानं तिला त्याच्या पाठीशी बांधलं आणि निघालो.

तो रस्ता मी रोज उतरते. त्या दिवशी तो सरेना. एक वळण घ्यावं तर पुढे दुसरं. तिची मान माझ्या हातावर लोंबायला लागली की मी हाक मारायची. ती ‘हं’ करायची. एकदा तिनं ‘हं’ केलं नाही आणि मी दिराच्या खांद्यावर बुक्की मारली, जोरात पळव रे, जोरात. तो म्हणाला, “वैनी, खडी हाय, पडू.” मी म्हटलं, “पडू देत.” मग लगेच म्हटलं, “नको, नको, सावकाश.” मला काय होत होतं ते मला कळत नव्हतं. तिचं काळीज माझ्या हाताखाली इतकं भरभर उडत होतं की ते आता थांबेल, आता थांबेल, असं वाटत होतं.

“दुखतंय का गो?” मी तिच्या कानाशी विचारलं.

“नाय.”

“भीती वाटते?”

“नाय.”

हे ‘नाय’ माझंच होतं. तीस वर्षांपूर्वी घळीकडे जाताना मी दात आवळून जे ‘नाय’ मनातल्या मनात म्हणत होते, तेच मला माझ्या पोरीच्या तोंडून ऐकू येत होतं. मी भ्याले. आयुष्यात इतकी कधी भ्याले नव्हते, आणि भ्याले असं म्हणता येईल असं कुणी जवळ नव्हतं. दीर पुढे गाडी सांभाळत होता, आणि पोरीला सांगणार तरी कुठल्या तोंडानं?

आणि मला त्या गाडीवर काय आठवावं? आबांच्या शेळ्या. शेळीला भित्री म्हणतात, पण शेळी काही लपवत नाही. पायात काटा गेला तर ओरडते, पिल्लू दिसेना झालं तर ओरडते, वाघाचा वास आला तर अशी ओरडते की अख्खी वाडी काठ्या घेऊन धावते. आमच्या कितीतरी शेळ्या केवळ ओरडल्या म्हणून वाचल्या. गुमान राहिली ती गेली, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी तो शब्द वापरला, आणि मीही.

पोलादपूरच्या दवाखान्यात गर्दी होती. माझा अवतार बघून लोकांनीच वाट दिली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिची नाडी धरली, हातपाय चाचपले, छाती ऐकली. त्यांचा चेहरा मी वाचत होते आणि तो मला आवडला नाही.

“विंचू चावलाय का बाळा?” त्यांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. “नाही.”

“कुठे काही टोचलं? लाकडात, गवतात?”

परत माझ्याकडे. “नाही.”

मी मधेच म्हटलं, “अहो, काही चावलं असतं तर तिनं सांगितलं असतं ना! तुम्ही आधी सलाईन लावा, ऊन लागलंय तिला.” माझा आवाज चढला होता. भ्याले की मी भांडते, हे माझं जुनं आहे.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा.”

“मी आई आहे तिची.”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

सिस्टरनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लोटलं. बाहेर दीर विचारायला लागला, काय म्हणाले, काय म्हणाले. मी त्याला हातानंच गप्प केलं आणि दाराला कान लावला. डॉक्टरांचा आवाज येत होता, हळू, मग तो थांबला. मग तिचा आवाज. शब्द कळत नव्हते. बराच वेळ बोलत होती. माझ्याशी सकाळपासून एका शब्दापलीकडे न बोललेली पोर परक्या माणसाशी बोलत होती, आणि मी दाराबाहेर.

डॉक्टर बाहेर आले ते घाईत. “विंचू आहे. तांबडा, लहान. दहाच्या सुमाराला, लाकडं उचलताना. डाव्या हाताचं बोट. औषध सुरू करतोय, महाडला हलवायला लागलं तर गाडी तयार ठेवायला सांगितलीय.” मग दारातून परत वळून म्हणाले, “आईला सांगू नका म्हणाली.”

“वाचेल ना?” मी विचारलं.

“दोन तास उशीर झालाय,” ते म्हणाले. “नुसती दुखून रडत आली असती तर मला एवढी काळजी वाटली नसती. बघू.”

ते ‘बघू’ मी दुपारभर चघळलं. आत तिच्या नाकाला नळी, हाताला सुई, आणि दर थोड्या वेळानं सिस्टर येऊन तिचा रक्तदाब बघायच्या आणि काही न बोलता लिहायच्या. मी त्यांच्या पेनाकडे बघत बसायची. पेन जास्त वेळ चाललं की मी मान उंच करून कागद वाचायला बघायची. तिला खोकला आला की मी उभी राहायची. दीर चहा घेऊन आला, तो तसाच गार झाला. दिरानं कळवलं असावं, आबांचा फोन आला, मी उचलला नाही. ‘रडली तर नाय ना?’ असं ते विचारणार, हे मला माहीत होतं, आणि मला ते ऐकवलं नसतं. मी देवाला काही कबूल केलं नाही. काय कबूल करणार? माझ्याकडे सोडण्यासारखी एकच गोष्ट होती, तो शब्द, आणि ती सोडायला फार उशीर झाला होता.

चार वाजून गेल्यावर तिच्या पायाला हात लावला तर तो गार नव्हता. मला वाटलं माझाच हात गरम असेल. सिस्टरना म्हटलं, तुम्ही बघा. त्यांनी बघितलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. “उतरतंय,” म्हणाल्या. मी भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसले.

पाच वाजता नवरा धापा टाकत आला, कारखान्याच्या वासाच्या शर्टात. पाळी सुटल्यावर फाटकावर फोन हातात आला तेव्हा त्याला कळलं. तो नुसता तिच्या पायाशी उभा राहिला आणि घळाघळा रडायला लागला, सगळ्यांसमोर. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. एरवी मी काय म्हटलं असतं, ते मला लख्ख माहीत आहे. त्या दिवशी मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

लेक डोळे उघडून बघत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय म्हणते, याची वाट बघत होती. मी तिचं पांघरूण सारखं केलं.

थोड्या वेळानं सलाईन जायचं थांबलं. सुई लावलेला हात सुजला होता. सिस्टर म्हणाल्या, “दुसऱ्या हाताला लावावी लागेल. शीर सापडायला जरा त्रास होतो लहान मुलांना, दुखेल थोडं.” त्यांनी ताट आणलं, हात चाचपायला सुरुवात केली. पोरीनं दात आवळले. जबडा कसा घट्ट होतो ते मी ओळखलं. माझाच जबडा तो.

मी तिच्या तोंडाशी वाकले. “ओरड गो,” मी म्हटलं. “दुखलं तर मोठ्यानं ओरड. रड. मी काय म्हणत नाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला कशात तरी पकडायला बघतेय, अशी बघत राहिली. मी म्हटलं, “खरंच गो. आईची शप्पथ.” तिनं सिस्टरच्या हातातल्या सुईकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि मग हळूच म्हणाली, “आई, तू जरा बाहेर जा ना.”

“मी थांबते की गो तुझ्यापाशी.”

“बाबा थांबू दे,” ती म्हणाली. “तू जा.”

नवऱ्याला काही कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला. सिस्टरना कळलं असावं, त्या ताटातला कापूस उगाच सारखा करत राहिल्या. मी उठले. बाहेर आले आणि माझं मीच दार ओढून घेतलं.

बाक रिकामा होता, पण मी बसले नाही. दाराला लागून उभी राहिले. मग माझी लेक ओरडली. सकाळपासूनचं सगळं बाहेर पडावं तशी ओरडली, हुंदके देऊन, गळा फाडून, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी. “आई गं! आई गं!” म्हणून ओरडत होती, आणि मी बाहेरच उभी राहिले.